हौशी बिनतारी केंद्र : उभारणी आणि व्यवहार

बिनतारी यंत्रणेचे दोन प्रकार सर्वसामान्य माणसाच्या परिचयाचे असतात. आकाशवाणीच्या केंद्रातून एकजण बोलतो आणि लक्षावधी लोक ऐकतात. ऐकणाऱ्याला उलट उत्तर देण्याची सोय नसते. पोलीस, जहाजे, विमाने आणि सैन्यदले यांच्या यंत्रणेत दोन्ही बाजूंनी बोलता येते. परंतु तेथे बोलणारा आपल्या नोकरीचे कर्तव्य म्हणून बोलत असतो. या दोहोंहून निराळा असा तिसरा प्रकार म्हणजे हौशी रेडिओ होय. स्वतःच्या घरी, स्वतःच्या खर्चाने, सरकारचा परवाना घेऊन आणि कोणत्याही आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता जो बिनतारी केंद्र चालवतो, तो हौशी केंद्रचालक. जगभर अशा माणसाला 'हॅम' या लहानशा नावाने ओळखतात.

प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी केंद्र कसे उभारतात आणि कसे चालवतात, हे समजून घेतले पाहिजे. या प्रकरणात उदाहरणासाठी काशी हे स्थळ घेतले आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा घाट या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. तेथील एका उंच, जुन्या घराच्या छतावर केंद्र उभारावयाचे आहे, असे आपण समजू. अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकून उभी असलेली घरे, समोर उत्तरवाहिनी गंगा आणि पलीकडे वाळूचा मोकळा विस्तार, अशी तेथील रचना आहे. रेडिओलहरींचे बहुतेक सर्व गुणदोष या एका छतावरून समजावून देता येतात.

टाकाऊ लहरींचा वारसा

विसाव्या शतकाच्या आरंभी मोठी केंद्रे हजारो मीटर लांबीच्या लहरी वापरीत असत. लहर जितकी लांब तितका पल्ला मोठा, अशी त्या वेळच्या तज्ज्ञांची समजूत होती. म्हणून १९१२ साली अमेरिकेने कायदा केला, तेव्हा २०० मीटरांहून आखूड अशा निरुपयोगी लहरी हौशी लोकांच्या वाट्याला टाकण्यात आल्या. हौशी लोकांनी त्या टाकाऊ लहरींवर प्रयोग चालू ठेवले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस येथील लेऑं दलुआ आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरांच्या लहरींवर अटलांटिक महासागराच्या आरपार दोन्ही बाजूंनी संभाषण केले. ज्या लहरी कुचकामी म्हणून सोडून दिल्या होत्या, त्याच पृथ्वीच्या पाठीवर सर्वांत दूर जातात, असे सिद्ध झाले. पुढे सरकारे आणि कंपन्या लगबगीने लघुलहरींकडे वळल्या.

भारतात पहिला हौशी परवाना १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्त यांना मिळाला. त्यांचे संकेतनाम '२ जेके' असे होते. त्याच वर्षी मुकुल बोस यांनी '२ एचक्यू' हे केंद्र सुरू केले आणि देशात दोन हौशी केंद्रांमधील संभाषण शक्य झाले. एकट्या केंद्राला बोलणार तरी कोणाशी! मुंबईत रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये कार्यक्रमांचे प्रक्षेपण सुरू केले. आकाशवाणीचा जन्म त्यानंतरचा आहे. १९३९ साली महायुद्ध पेटताच सरकारने हौशी परवाने रद्द केले. स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी महू येथील सैन्याच्या संदेशवहन विद्यालयात हौशी लोकांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. १९५४ मध्ये तिला 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' हे नाव मिळाले.

काशीहून मुंबईपर्यंतची वाट

काशी ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे साडेबाराशे किलोमीटर आहे. रेडिओलहर प्रकाशाप्रमाणे सरळ जाते आणि पृथ्वी तर गोल आहे. मग लहर मुंबईला पोहोचते कशी? उत्तर आकाशात आहे. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे उंचावरील हवेतील अणूंचे विद्युद्भारित कण होतात. या थरांना आयनांबर म्हणतात. साधारणतः ६० ते ९० किलोमीटर उंचीवर 'डी' थर, १०० किलोमीटरांच्या आसपास 'ई' थर आणि २०० ते ४०० किलोमीटरांच्या दरम्यान 'एफ' थर असतो. लघुलहरी 'एफ' थरापर्यंत जाऊन वाकतात आणि पुन्हा जमिनीवर उतरतात. अशा एका उडीत लहर तीन ते चार हजार किलोमीटरांपर्यंत जाऊ शकते. उडी जेथून सुरू होते आणि जेथे संपते, त्यांच्या मधल्या प्रदेशात मात्र काहीच ऐकू येत नाही. काशीहून सुटलेला आवाज मुंबईत स्पष्ट ऐकू यावा आणि जबलपूरला त्याचा मागमूसही नसावा, असे म्हणूनच घडते.

'डी' थर हा या वाटेवरचा जकातनाका आहे. तो कमी कंप्रतेच्या लहरी शोषून घेतो. तो टिकून राहतो केवळ सूर्यप्रकाशावर. सूर्य मावळला की थोड्याच वेळात नाहीसा होतो. म्हणून ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर दिवसा काही शे किलोमीटरांचे संभाषण होते, तर रात्री हजारो किलोमीटरांचे. १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे वर्तन याच्या जवळजवळ उलट असून तो दिवसा दूरदेशींसाठी उपयोगी पडतो. भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावर आधारलेली आहे, ते ८२ अंश ३० मिनिटांचे रेखावृत्त काशीच्या अगदी जवळून जाते. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेस आहे. ऋतुमानाप्रमाणे मुंबईचा सूर्यास्त काशीच्या मागाहून अर्ध्या तासाने ते जवळजवळ एका तासाने होतो. या संधिकाळात काशीवरचा जकातनाका उठलेला असतो आणि मुंबईवरचा उठावयाचा असतो. काशीतला चालक पश्चिमेकडील केंद्रे एकेक करून उमलताना ऐकतो. घड्याळाचे दोन्हीकडचे काटे एकच वेळ दाखवीत असले, तरी सूर्याचे घड्याळ वेगळे असते आणि रेडिओलहर सूर्याचेच ऐकते.

काशीच्या आकाशाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. आयनांबरातील कणांची घनता चुंबकीय विषुववृत्तावर सर्वाधिक असावी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस सुमारे १५ अंशांवर उंचावते. सर एडवर्ड ॲपल्टन यांनी १९४६ साली या विसंगतीकडे लक्ष वेधले. १९४७ साली त्यांना आयनांबरावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील या उंचवट्याच्या शिखराजवळ काशी येते. घन आयनांबरामुळे १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ या वरच्या पट्ट्यांना येथे चांगला आधार मिळतो. पण सूर्यास्तानंतर थर विस्कटतात तेव्हा आवाज पाण्यातील प्रतिबिंबासारखा थरथरू लागतो. सूर्यावरील डागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्र चालते, त्याप्रमाणे वरचे पट्टे कधी फुललेले, तर कधी ओस असतात.

या संदर्भात काशी हिंदू विश्वविद्यालयातील एका संशोधनाचा उल्लेख केला पाहिजे. वीज कडाडते तेव्हा प्रकाश आणि गडगडाट यांच्याबरोबर अतिशय लांब रेडिओलहरीही निर्माण होतात. त्यांचा काही अंश पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांच्या वाटेने अवकाशातून प्रवास करून दुसऱ्या गोलार्धात उतरतो. वाटेत उच्च कंप्रतेचा भाग पुढे निघतो, नीच कंप्रतेचा मागे पडतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला वरून खाली घसरत जाणारी शीळ ऐकू येते. १९५३ साली एल. आर. ओ. स्टोरी यांनी या शिळांचे स्पष्टीकरण दिले. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत त्या क्वचितच ऐकू येतात. तरीही काशी, नैनिताल आणि गुलमर्ग येथे त्या ध्वनिमुद्रित करण्यात आल्या आहेत. त्यासाठी वापरलेली साधने पाहिली तर आश्चर्य वाटते : इंग्रजी 'टी'च्या आकाराचा आकाशक, ट्रान्झिस्टरचे विवर्धक आणि फितीवर नोंद करणारा ध्वनिमुद्रक. या लहरींची कंप्रता कानाला ऐकू येणाऱ्या मर्यादेतच असते. म्हणून त्यांना ध्वनीचे रूप दिले की पुरते. येथे बोलण्याचा प्रश्नच नव्हता. सारी विद्या ऐकण्याची होती. हौशी केंद्रचालकाचा पहिला धडाही तोच आहे.

छतावरचा आकाशक

नवशिक्याला यंत्राचे आकर्षण असते. अनुभवी माणूस आधी आकाशकाकडे पाहतो. आकाशक, म्हणजे रूढ भाषेतील एरियल, चांगला असेल तर साधे यंत्रही काम देते. सर्वांत सोपा आणि भरवशाचा आकाशक म्हणजे अर्ध्या लहरीइतकी लांब तांब्याची तार; ती मधोमध तोडून तेथे केबल जोडतात. मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने १४३ या संख्येस भागले की तारेची लांबी मीटरांत मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २०.१ मीटर येते. म्हणजे प्रत्येक बाजूस दहा मीटरांहून किंचित अधिक. तार थोडी लांब कापावी आणि मोजमाप घेत घेत दोन्ही टोकांकडून सारखी आखूड करीत आणावी. कापलेली तार वाढवता येत नाही.

जुन्या काशीतील छत वीस मीटर लांब क्वचितच असते. अशा वेळी मधला बिंदू उंच खांबावर आणि दोन्ही भुजा छपराच्या पाख्यांप्रमाणे उतरत्या ठेवाव्यात. भुजांमधील कोन १२० अंशांचा ठेवला तर साडेसतरा मीटरांची जागा पुरते आणि टोके मधल्या बिंदूपासून पाच मीटर खाली येतात. खांब छतापासून आठ मीटर उंच असेल तर टोके तीन मीटरांवर, म्हणजे माणसाच्या हाताबाहेर राहतात. हे आवश्यक आहे; कारण प्रेषण चालू असताना टोकांशी विद्युद्दाब बराच असतो आणि स्पर्श झाल्यास भाजते. तारेच्या टोकांना चिनी मातीचे विसंवाहक बांधावेत. तारेच्या लांबीशी काटकोनात असलेल्या दिशांना लहर अधिक जाते. काशीहून महाराष्ट्र नैर्ऋत्येच्या बाजूस आहे. म्हणून तार साधारणपणे वायव्य ते आग्नेय अशी ताणावी. उंची कमी असेल तर हा दिशांचा फरक पुसट होतो, हेही ध्यानात ठेवावे.

काशीत आणखी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास आकाश पतंगांनी भरते आणि मांजा तारेत अडकतो. दुसरी गोष्ट माकडांची. २०१५ साली घाटांवर टाकलेल्या केबली माकडांनी कुरतडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या होत्या. म्हणून केबल शक्य तेथे नळीतून न्यावी आणि खांबाचे ताण दर महिन्यास तपासावेत. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून आकाशक कधीही नेऊ नये. तो तुटून त्यांवर पडेल अशा अंतरावरही तो असू नये. खांबास जाड तांब्याच्या पट्टीने भूयोग द्यावा. पावसाळी ढग जमू लागताच केबल यंत्रापासून सोडवून खोलीबाहेर ठेवावी. घरे एकमेकांना टेकलेली असल्यामुळे शेजाऱ्याच्या भिंतीत खिळा मारण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी आणि आपल्या प्रेषणामुळे त्याच्या दूरदर्शन संचात व्यत्यय येतो का, हे आपण होऊन विचारावे.

गावातल्या गावात बोलण्यासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. या लहरी आयनांबरातून आरपार निघून जातात. त्यांची धाव साधारणतः क्षितिजापर्यंत. आकाशकाची मीटरांतील उंची घ्यावी, तिचे वर्गमूळ काढून त्यास ४.१ ने गुणावे, म्हणजे क्षितिजाचे अंतर किलोमीटरांत मिळते. १६ मीटर उंचीसाठी ते सुमारे साडेसोळा किलोमीटर येते. दोन्ही केंद्रे तितक्याच उंचीवर असतील तर ३३ किलोमीटरांचा पल्ला मिळतो. काशीच्या छतावरून रामनगर आणि सारनाथ सहज टप्प्यात येतात. मिर्झापूर येत नाही. हातातील संच घेऊन गल्लीत उतरलात तर शेजारच्या मोहल्ल्यातही आवाज पोहोचणार नाही. आणि तोच संच घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर आलात तर गंगेपलीकडचे केंद्र जवळ बसून बोलल्यासारखे ऐकू येईल. या लहरी आयनांबर भेदून जातात म्हणूनच उपग्रहांशी बोलण्यासही त्या उपयोगी पडतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा सुमारे एक किलोग्रॅमचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला. हौशी केंद्रांचे संदेश साठवून पुढे पोहोचवावेत, अशा हेतूने त्याची रचना केलेली होती.

खोलीतील मांडणी

पूर्वी प्रेषक आणि ग्राही ही दोन वेगळी यंत्रे असत आणि ती बहुधा चालकानेच जुळवलेली असत. आज दोन्ही कामे करणारा एकच संच मिळतो; तरी लहानसा संच स्वतः जुळवणारे हौशी अजूनही आहेत आणि खरे शिक्षण त्यांनाच मिळते. संचाबरोबर प्रमाणित विद्युत्पुरवठा, ध्वनिग्राहक, कानास लावावयाचे श्रवणयंत्र आणि आकाशकाकडून परत येणारी शक्ती मोजणारा मापक एवढी सामग्री पुरे. हा मापक विसरू नये. आकाशक आणि केबल यांचा मेळ बसला नसेल तर पाठवलेली शक्ती परत येऊन यंत्राचा नाश करते. मापकावरील गुणोत्तर दीडच्या आत असेल तर उत्तम; तीनच्या वर असेल तर प्रेषण करूच नये.

विद्युत्पुरवठ्यासाठी मोटारीच्या बॅटरीसारखी १२ व्होल्टची बॅटरी जोडीस ठेवावी. तिचा हिशेब बोधप्रद आहे. १०० वॉटचा संच ऐकताना सुमारे १ अँपिअर प्रवाह घेतो आणि पूर्ण शक्तीने बोलताना सुमारे २०. म्हणजे ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर कागदोपत्री ४० तास ऐकता येईल. पण अखंड बोलावयाचे म्हटले तर २ तासही पुरते निघणार नाहीत. वीज गेलेल्या शहरात या हिशेबाला फार महत्त्व येते.

परवाना आणि विश्वास

प्रेषण करण्यापूर्वी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी रेडिओविद्येची मूलतत्त्वे आणि संदेशवहनाचे नियम या विषयांची परीक्षा असते. वरच्या दर्जासाठी मोर्स लिपीची परीक्षाही पूर्वापार घेतली जात आली आहे. परवान्याबरोबर चालकास संकेतनाम मिळते. भारतातील नेहमीची हौशी संकेतनामे 'व्हीयू २' किंवा 'व्हीयू ३' या अक्षरांकांनी सुरू होतात. पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हौशी होते. 'व्हीयू २ आरजी' हे त्यांचे संकेतनाम. या केंद्रावरून व्यापारी व्यवहार, करमणुकीचे कार्यक्रम किंवा गुप्त सांकेतिक संदेश पाठवता येत नाहीत. दुसऱ्याचे संदेश चुकून कानावर पडले तर त्यांची वाच्यता करावयाची नसते.

सत्तेला खाजगी प्रेषकाची एवढी धास्ती का वाटते, हे मुंबईच्या इतिहासातून कळते. ऑगस्ट १९४२ मध्ये राष्ट्रीय नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. त्या वेळी उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. युद्धामुळे परवाना गमावलेले नरिमन प्रिंटर यांनी त्याचा प्रेषक जुळवला होता. जागा बदलत बदलत हे केंद्र नोव्हेंबरपर्यंत चालले. शेवटी यंत्र जुळवणाऱ्याकडूनच पोलिसांना ठावठिकाणा लागला आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रेषण चालू असताना छापा पडला. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगातून त्या १९४६ साली सुटल्या. या केंद्राची जाहीर केलेली लहर ४२.३४ मीटरांची होती. आपण काशीच्या छतासाठी मोजून कापलेली तार जवळजवळ त्याच लहरीची आहे. वीस मीटर तार आणि एक पेटी एवढ्या साधनांनी एक साम्राज्य अस्वस्थ झाले होते. स्वतंत्र देशाचे सरकार तेच साधन नागरिकाच्या हाती परवान्याने सोपवते, तेव्हा तो एक विश्वास असतो. चालकाची शिस्त ही त्या विश्वासाची परतफेड होय.

संभाषणाची शिस्त

शिस्तीचा पहिला नियम असा : प्रेषण करण्याआधी निवडलेली कंप्रता काही वेळ ऐकावी. पट्टी मोकळी वाटली तरी तेथे कोणी नसेलच असे नाही. आपण ज्याला ऐकू शकत नाही अशा दूरच्या केंद्राशी दुसरा कोणी बोलत असेल. म्हणून 'ही कंप्रता वापरात आहे काय?' असे विचारून, उत्तर न आल्यास 'सी क्यू' ही सर्वांसाठी असलेली हाक द्यावी आणि पाठोपाठ आपले संकेतनाम सांगावे. अक्षरे 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' या आंतरराष्ट्रीय पद्धतीने उच्चारावीत. उत्तर मिळाले की समोरच्याचा आवाज कसा येतो, हे अंकांत कळवावे. '५ ९' म्हणजे सुस्पष्ट आणि जोरदार. सौजन्यापोटी सर्वांनाच '५ ९' देण्याची सवय वाईट आहे. खोट्या प्रशस्तीने कोणाचाही आकाशक सुधारत नाही. नोंदवहीत तारीख, वेळ, कंप्रता, संकेतनाम आणि अहवाल लिहावा. वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत लिहितात. काशीत सायंकाळचे ६ वाजले असतील, तर वहीत १२.३० अशी नोंद होईल.

भाषेबाबतची सावधगिरी कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. ती आपली आपणच शिकावी लागते. मराठीत सात, आठ आणि साठ हे शब्द खरखरीत एकसारखे ऐकू येतात. म्हणून संख्या सांगून झाल्यावर तिचे अंक सुटे सुटे उच्चारावेत : साठ, म्हणजे सहा, शून्य. दुसरे असे की, मराठी वाक्यात नकार शेवटी येतो. 'होडीची गरज नाही' या वाक्यातील 'नाही' उच्चारताना आवाज उतरतो आणि घाईत बोटाखालची कळ आधीच सुटते. पलीकडे पोहोचते ते 'होडीची गरज'. अर्थाचा अनर्थ होतो आणि जेथे होडी हवी तेथून ती हलवली जाते. म्हणून नकार शक्यतो होकारार्थी वाक्यात बसवावा : 'आलेली होडी परत पाठवत आहोत.' काशीत तर आणखी एक गंमत आहे. असी नदीच्या संगमावरील घाटास लोक 'अस्सी' म्हणतात आणि हिंदीत 'अस्सी' म्हणजे ऐंशी. 'अस्सीवर माणसे अडकली आहेत' आणि 'अस्सी माणसे अडकली आहेत' या दोहोंत खरखरीत काहीच फरक उरत नाही. स्थळाच्या आधी 'घाट' हा शब्द आणि संख्येनंतर सुटे अंक, एवढी सवय लावून घेतली तर हा घोटाळा टळतो.

संकटकाळ

गंगेची धोक्याची पातळी वाराणसी येथे ७१.२६२ मीटर मानली जाते. सप्टेंबर १९७८ मध्ये पाणी ७३.९०१ मीटरांपर्यंत चढले होते. गंगा फुगली की वरुणा आणि असी यांचे पाणी मागे लोटते आणि घाटांपासून दूर असलेल्या सखल वस्त्यांतही पूर शिरतो. अशा वेळी वीज बंद करावी लागते. दूरध्वनीचे मनोरे बॅटरीवर आणि डिझेलवर काही तास तग धरतात. त्यांवर एकाच वेळी हजारो लोकांची हाक आली की मार्ग तुंबतात. हौशी केंद्राला मनोरा लागत नाही. दोन आकाशक आणि दोन बॅटऱ्या यांच्यामध्ये आकाशाखेरीज काहीच नसते.

२६ डिसेंबर २००४ रोजी याची प्रचीती आली. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेचे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली त्या महिन्यात पोर्ट ब्लेअर येथे आले होते. अंदमानातून हौशी प्रेषण कित्येक वर्षांत झाले नव्हते. त्यामुळे जगभरचे हौशी त्या केंद्राची हाक ऐकण्यास उत्सुक होते. त्या पहाटे भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या. बेटांचा मुख्य भूमीशी असलेला संपर्क विस्कळीत झाला. हौसेखातर मांडलेले ते केंद्र त्याच दिवशी मदतीचे केंद्र झाले आणि बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील नातलगांना कळवू लागले. १९९३ च्या लातूर आणि २००१ च्या गुजरात भूकंपांतही हौशी केंद्रे मदतीस धावली होती.

संकटकाळी अनेक केंद्रे एकाच कंप्रतेवर येतात, तेव्हा त्यांतील एक केंद्र नियंत्रक होते. इतरांनी त्याने बोलावल्याशिवाय बोलावयाचे नसते. संदेश आधी कागदावर लिहावा, त्यास क्रमांक द्यावा, मग सावकाश वाचावा. घेणाऱ्याने तो जसाच्या तसा परत वाचून दाखवावा. 'संदेश क्रमांक ३. अस्सी घाटाजवळील शाळेत ४०, चार शून्य, माणसे. त्यांत २ आजारी. पिण्याचे पाणी हवे.' एवढ्यात काम होते. ज्याच्याकडे संदेश नाही, त्याने गप्प बसून ऐकत राहावे. दुर्बल बॅटरीवरून आलेली एखादी क्षीण हाक नियंत्रकाला ऐकू येत नाही, पण दुसऱ्या शहरातल्या कोणाला तरी येते आणि तो ती पुढे पोहोचवतो. काशीतील हाक सारनाथला ऐकू न येता पुण्याला ऐकू यावी, हे आयनांबराच्या उड्यांमुळे सहज शक्य आहे.

अशी वेळ वर्षानुवर्षे येत नाही. एरवी हौशी चालक आपल्या खोलीत बसून अनोळखी माणसांशी हवापाण्याच्या गोष्टी बोलतो, तारा ताणतो, मापके पाहतो, वही भरतो. पाहणाऱ्याला तो रिकामा उद्योग वाटतो. परंतु पुराच्या रात्री कोणत्या वेळी कोणता पट्टा उघडतो, कोणती केंद्रे कोठे ऐकू येतात, खरखरीतून शब्द कसा वेचावा आणि आपला शब्द कसा टाकावा, हे त्या रात्री शिकता येत नाही. ते आधीच्या हजार साध्या संध्याकाळी शिकलेले असावे लागते. खिशातल्या दूरध्वनीच्या काळात हौशी केंद्राचे प्रयोजन काय, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. नवशिक्याने यंत्र विकत घेण्याआधी परीक्षेचा अभ्यास सुरू करावा, जवळच्या परवानाधारकाच्या केंद्रात काही संध्याकाळी शेजारी बसावे आणि ऐकावे.